क्ष-किरण देणारे संपर्क जुळे तारे हौशी निरीक्षकाला शोधता येतात का?

येतात. संपर्क जुळे म्हणजे एकमेकांना चिकटून फिरणारे दोन तारे; त्यांच्यासाठी आठ इंची दुर्बीण आणि जुना सीसीडी (प्रकाश मोजणारा कॅमेरा) पुरेसा आहे. क्ष-किरण वातावरणात अडतात, ते काम १९९० साली सोडलेल्या रोसॅट उपग्रहाने करून ठेवलंय. त्याच्या यादीतला एक ठिपका घ्या आणि त्या जागी कुठला तारा मिचमिचतो ते बघा. दिसला की झालं.

खरा घोळ पुढे आहे, तिथे मी पोळलोय. एमएस्सीच्या प्रकल्पाला सारथी तारकासमूहातला अकराव्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप) एक तारा घेतला होता. संगणकाने आवर्तकाल, म्हणजे उजेड कमी-जास्त होण्याच्या एका फेरीचा वेळ, दिला ३ तास २० मिनिटं. गाइड खूश. "स्पंदणारा तारा आहे, क्ष-किरणांचा ठिपका योगायोगाने शेजारी." मी म्हटलं, सर, दुप्पट करून बघू. संपर्क जुळ्यात तारे आळीपाळीने एकमेकांना झाकतात, आणि ही दोन्ही ग्रहणं जवळपास सारखीच खोल असतात, त्यामुळे संगणक तेजाच्या आलेखातल्या दोन दऱ्यांची एक करतो. "वाद घालू नका, आलेख नीट काढा."

मग डिसेंबरात भोरजवळ मित्राच्या गच्चीवर अख्खी रात्र काढली. पहिली दरी ९ वाजून १० मिनिटांनी, ०.४६ प्रत. दुसरी साडेबाराला, ०.३८. दीड वाजता काचेवर दव. मित्राच्या आईचा हेअर ड्रायर आणला, तोवर वीस मिनिटं गेली. तिसरी दरी ३ वाजून ५० मिनिटांनी, पुन्हा ०.४६! म्हणजे ६ तास ४० मिनिटं. गाइडचं उत्तर: "मधली दरी दवामुळे उथळ आली." अहो, दव नंतर पडलं! आणि पडलं असतं तरी शेजारचा तुलनेचा ताराही तेवढाच मंदावला असता. प्रकल्पात शेवटी त्यांचाच आकडा गेला.

'क्ष-किरण म्हणजे न्यूट्रॉन तारा' म्हणणाऱ्यांनाही जरा आवरा. तो शेजाऱ्याचं द्रव्य गिळून क्ष-किरण देतो; इथे कुणी कुणाला गिळत नाही. सूर्यासारखेच दोन तारे, पण सूर्याला फिरायला साधारण २५ दिवस लागतात, यांना सहा-आठ तास. त्यातून चुंबकीय क्षेत्र बळावतं, प्रभामंडळ (ताऱ्याचं बाहेरचं वातावरण) कोटीभर अंशांवर जातं. गंमत म्हणजे तितक्याच वेगाने फिरणाऱ्या एकट्या ताऱ्यापेक्षा ही जोडी क्ष-किरणांत मंदच असते. का, यावर अजून भांडणं आहेत.

सरावाला सप्तर्षीतला डब्ल्यू उर्से मेजोरिस घ्या. आठ तासांचा आवर्तकाल, १९०३ साली सापडला, याच प्रकारच्या ताऱ्यांना त्याचं नाव आहे. रात्र मात्र पूर्ण काढा. अर्ध्या रात्रीचा आलेख गाइडला दाखवूच नका.

हां, एक राहिलं. रोसॅटची जागा काही कंससेकंदांनी (कंससेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग), कधी त्याहून जास्त चुकते. म्हणजे शेजारच्या ताऱ्याचाही ठिपका असू शकतो, आणि वर्णपट घेतल्याशिवाय पक्कं म्हणता येत नाही. माझ्याकडेही तो नव्हता. पण आवर्तकाल ६ तास ४० मिनिटंच होता.