सरावात बसणारी फ्लिक सामन्यात का चुकते?

"सरावात सगळं जमतं, पण ऐन वेळी हात बांधल्यासारखे होतात." ही तक्रार घेऊन माझ्याकडे दहावीची मुलं येतात, मुलाखतीला निघालेले तरुण येतात, पन्नाशीत गाण्याच्या परीक्षेला बसणाऱ्या बायकाही येतात. घरोघरी यावर एकच उपाय सांगितला जातो: अजून सराव कर. हा उपाय काही वेळा दुखणं वाढवतो. कसं, ते एका हौशी हॉकीपटूच्या अनुभवातून सांगते. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सुहास ३१ वर्षांचे. बोरिवलीला घर, अंधेरीला नोकरी, शाळेपासून हॉकीचं वेड. संघ हौशी, म्हणजे स्टिकपासून लोकलच्या पासापर्यंत सगळा खर्च ज्याचा त्याने करायचा. लीगचे सामने चर्चगेटजवळच्या महिंद्रा स्टेडियमच्या टर्फवर, सराव मात्र उपनगरातल्या मातीच्या मैदानावर. त्या मोसमात पोरं जीव तोडून खेळली होती. शेवटचा साखळी सामना जिंकला की वरच्या विभागात प्रवेश नक्की होता. आणि सुहास संघाचे ड्रॅगफ्लिकर, म्हणजे पेनल्टी कॉर्नर या गोलच्या मोक्याच्या संधीत थांबवलेला चेंडू स्टिकने ओढत गोलकडे भिरकावणारे. या फटक्यालाच फ्लिक म्हणतात.

दोन सामन्यांपूर्वी १-१ अशी बरोबरी असताना संघाला पेनल्टी स्ट्रोक मिळाला. गोलपासून ६.४० मीटरवर चेंडू, समोर एकटा गोलरक्षक. सुहासनी चेंडू पोस्टबाहेर घालवला. सामना बरोबरीत सुटला. कुणी एका शब्दाने बोललं नाही, पण तेव्हापासून पेनल्टी कॉर्नर मिळाला की त्यांचं मनगट आखडायला लागलं. रात्री झोप नाही. पहाटे पाचला मैदानावर जाऊन एकट्याने शंभर-शंभर फ्लिक मारायच्या, मग कंबर धरून ऑफिसला जायचं. वडिलांनी एकदा सहज म्हटलं, "जबाबदारी पेलत नसेल तर सांगून टाकावं." ते वाक्य त्यांच्या मनात रुतून बसलं होतं.

"मॅडम, टोकियोत श्रीजेश कसा उभा राहिला बघा," ते म्हणाले. "सामना संपायला सेकंद उरलेत, जर्मनीला पीसी (पेनल्टी कॉर्नर), आणि त्याने अडवला. मला लीगच्या मॅचमध्ये जमत नाही."

५ ऑगस्ट २०२१ चा तो सामना हॉकीवर प्रेम करणाऱ्या कुणाच्याही आठवणीत आहे. भारत ५-४ ने जिंकला आणि १९८० नंतर प्रथमच ऑलिंपिक पदक आलं. सुहासना त्यात एकटा गोलरक्षक श्रीजेश दिसत होता. याकडे मी नंतर वळले. आधी त्यांना म्हटलं, "चुकलेली एक फ्लिक मला सविस्तर सांगा."

त्यांनी भराभर सांगितलं. डावा पाय जरा मागे पडला, उजवा हात खाली सरकला, मनगट लवकर वळलं, खांदा उघडला. एकेक सांधा त्यांना आठवत होता. मग विचारलं, "आणि जी उत्तम बसली, ती?" बराच वेळ ते गप्प राहिले. "त्यात सांगण्यासारखं काही नाही. वरचा कोपरा दिसतो आणि चेंडू गेलेला असतो."

मला जे समजावून सांगायचं होतं, ते या दोन उत्तरांत होतं. वर्षानुवर्षं घोटवलेलं कौशल्य शरीर आपोआप पार पाडतं. दडपण आलं की मनाला भरवसा वाटेनासा होतो, ते मध्ये पडून प्रत्येक हालचालीवर पहारा ठेवतं, आणि जे सलग वाहायला हवं त्याचे तुकडे होतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर यांनी १९८४ मध्ये हे प्रयोगांतून मांडलं होतं: दडपणाखाली माणसाचं लक्ष स्वतःच्या कृतीकडे वळतं आणि त्यानेच कृती बिघडते. जिना भरभर उतरताना आपण कोणता पाय कुठे ठेवतोय याचा विचार करू लागलो की ठेचकाळतो, तसं. पहाटेच्या त्या शंभर फ्लिकमध्ये सुहास नेमका हाच पहारा पक्का करत होते.

पहाटेचा सराव आम्ही बंद केला. ते घाबरले, "मग हात जाईल माझा." म्हटलं, हात जात नाही इतक्यात, कंबर मात्र जाईल. त्याऐवजी संघाच्या सरावात शेवटी मोजक्याच फ्लिक मारायच्या, पण सामन्यात असते तशा अवस्थेत: आधी दोन वेगवान धावा, छाती धपापत असताना, सगळे बघत आणि ओरडत असताना, आणि संधी एकच. चुकली तर परत मारायची नाही, घरी जायचं. हे त्यांना सगळ्यात अवघड गेलं. चुकलेल्या फ्लिकवर दिवस संपवणं म्हणजे त्यांच्या मते पाप. पण सामन्यात तरी दुसरी संधी लगेच कुठे मिळते?

दुसरं काम फ्लिकआधीच्या क्षणांचं होतं. नॉर्वेचे संशोधक गेर योर्डेट यांनी फुटबॉलमधल्या पेनल्टी किकचा अभ्यास केला आहे. पंचांची शिट्टी होताच घाईने किक मारून टाकणारे खेळाडू जास्त चुकतात, असं त्यांना दिसलं. घाई कशाची, तर त्या नकोशा क्षणातून एकदाचं सुटण्याची. सुहासचा स्ट्रोक मी त्यांना पुन्हा आठवायला लावला. त्यांनीही शिट्टी ऐकल्याऐकल्या चेंडू ढकलला होता. म्हणून ठराविक क्रम बसवला: स्टिकची पकड सैल करून परत धरायची, एक लांब श्वास सोडायचा, गोलमधली एक जागा ठरवून नजर तिथे ठेवायची, मनात एकच शब्द म्हणायचा. त्यांनी शब्द निवडला "वर". हात थरथरले तर थरथरू द्यायचे. छाती धडधडते कारण शरीर तयारीला लागलेलं असतं, हे त्यांना वारंवार सांगावं लागलं.

पण खरी गाठ पुढेच होती. "मी चुकलो तर पोरांचं वर्ष वाया जाईल." हे त्यांना कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. मी म्हटलं, हे वाक्य कप्तानाला ऐकवा. आठवडाभर टाळाटाळ करून शेवटी चर्चगेटहून परतीच्या लोकलमध्ये त्यांनी ते ऐकवलं. कप्तान हसला नाही, रागावलाही नाही. म्हणाला, "अरे, तुझी फ्लिक अडणार हे धरूनच तर रिबाउंडला दोन पोरं उभी करतो मी. इंजेक्शन चुकतं, स्टॉपरचा ट्रॅप निसटतो, रशर अंगावर येतो. तू एकटा आहेस का तिथे?"

पेनल्टी कॉर्नरची रचना खरोखर अशीच असते. एक जण गोलरेषेवरून चेंडू ढकलतो (हेच इंजेक्शन), दुसरा डीबाहेर, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाबाहेर, थांबवतो (हा स्टॉपरचा ट्रॅप), तिसरा मारतो, बाकीचे परतलेल्या चेंडूवर तुटून पडायला टपलेले असतात. आंतरराष्ट्रीय सामन्यांतही बहुतेक कॉर्नर गोलाविना संपतात. बचावालाही नियमाने गोलरक्षकासह पाच जण असतात, मारणाऱ्यावर धावून येणारा रशर त्यांतलाच. श्रीजेशची आठवण मी सुहासना इथे करून दिली. डोळ्यांसमोरच्या त्या चित्रातून बाकीचे चौघे त्यांनी पुसून टाकले होते, जसे स्वतःच्या संघातले पुसले होते.

वडिलांशी बोलणं राहिलं होतं. ते स्वतः भेटायला आले. त्यांच्या वाक्यामागे मुलाच्या कंबरदुखीची काळजी होती. ती त्यांनी तशीच, सरळ शब्दांत सुहासना सांगावी, एवढंच मी सुचवलं.

शेवटच्या सामन्यात संघाला तीन कॉर्नर मिळाले. एकात ट्रॅपच निसटला. दुसऱ्यात सुहासची फ्लिक गोलरक्षकाच्या पॅडला लागली आणि परतलेला चेंडू सहकाऱ्याने आत लोटला. तिसरी बाहेर गेली. सामना २-२ सुटला, संघ त्याच विभागात राहिला. सुहास आले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. ते पुसायची घाई मी केली नाही. वर्षभराची मेहनत हुकली की माणसाला वाईट वाटायलाच हवं. ते म्हणाले, "तिसरी चुकली, पण मारताना मी कोपरा बघत होतो. आणि रात्री झोपलो." पुढच्या मोसमाची नोंदणी त्यांनी केली आहे, आणि कॉर्नरसाठी एका तरुण खेळाडूलाही ते तयार करत आहेत.

तुमच्या घरात असं कुणी असेल, तर परीक्षेच्या किंवा सामन्याच्या सकाळी सूचना देऊ नका, नेहमीसारखं बोला. मात्र झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, छातीत धडधड एरवीही होत असेल, हात स्थिर राहावेत म्हणून दारूचा किंवा गोळ्यांचा आधार घेतला जात असेल, खेळच काय जगणंही नको वाटत असेल, तर वरचे उपाय पुरेसे नाहीत. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र कधीही मोफत बोलता येतं, मराठीतूनही.