वाढदिवस येळवसेला की २९ तारखेला?

श्टुटगार्ट, ६ डिसेंबर २०२५

प्रिय चिऊ,

तुझा निरोप दोनदा ऐकला. "आजी म्हणते वाढदिवस येळवसेला, आई म्हणते २९ ला. बाबा, खरा कुठला? आणि आपण मोटरहोममध्ये असणार, तर केकचं काय?"

दोन्ही खरे. तू जन्मलीस त्या २९ डिसेंबरला, २०१६ साली, मार्गशीर्षातली अमावस्याच होती. आमच्या लातूरकडं तीच येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, शेतात साजरा होणारा सण. पुढं तारीख आणि तिथी यांची फारकत झाली, कारण चंद्राचं वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचं ३६५. तिथी दरवर्षी अकरा-एक दिवस मागं सरकते, आणि तीनेक वर्षांत अधिक महिना आला की परत पुढं जाते. यंदा येळवस शुक्रवारी, १९ डिसेंबरला आहे. १९ वर्षांनी हा हिशेब पुन्हा जुळतो, म्हणजे २०३५ साली आजीला आणि आईला भांडायला कारण उरणार नाही.

इथं जर्मनीत वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा दिलेल्या अपशकुनी मानतात. शिवाय ज्याचा वाढदिवस त्यानंच ऑफिसात केक न्यायचा! आजीला हे सांगू नकोस, ती म्हणेल कुठल्या देशात राहायला गेलास.

तर मी ठरवलंय असं. उन्हाळ्यात इथल्या बोडन तलावाकाठी आपण जशा गाडीत राहिलो होतो, तशीच पुण्याहून भाड्यानं घेतलीय. येळवसेला ती आपल्या शेताच्या बांधाशी लावायची आणि आजीच्या तिथीचा तुझा वाढदिवस तिथं. गाडीत ओव्हन नाही, दोन शेगड्या आहेत. पण त्या दिवशी त्यांनाही फारसं काम नाही, कारण येळवसेचा स्वयंपाक आदल्या रात्रीच सुरू होतो आणि सकाळी डोक्यावरून शेतात जातो.

तू पुण्यात वाढलीस, शाळेमुळं येळवस कधी पाहिलीच नाहीस, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करतात. आत पाच दगड मांडून त्यांना चुना लावला की ते पांडव. त्यांची पूजा होते, नैवेद्य दाखवतात, मग पिकात आंबील शिंपडत "ओलगे ओलगे सालम पोलगे" म्हणत शेताला फेरी. शब्द घरागणिक थोडे बदलतात, तुझा काका तर दरवर्षी नवीनच म्हणतो. त्या दिवशी लातुरात रस्ते ओस पडतात. ज्याला शेत नाही त्याला कुणी ना कुणी बोलावतंच, त्यामुळं आपल्या पंगतीत तुला न ओळखणारीही बरीच माणसं असतील.

आता खाणं. मुख्य मान भज्जीचा. तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे, शेंगदाणे, मेथी, गाजर, शेतात जे जे हाताला लागेल ते सगळं, वर चिंचेचं आंबट आणि बेसन. मोठ्या पातेल्यात ती इतकी घट्ट होते की पळी उभी राहते. सोबत ज्वारी-बाजरीच्या पिठाचे गोळे म्हणजे उंडे, तीळ लावलेली भाकरी, गव्हाची खीर. आणि आंबील: ज्वारीचं पीठ ताकात आंबवून शिजवायचं, त्यात लसूण-जिरं. ती मातीच्या मडक्यातच न्यायची. माझ्या मते वाढदिवसाचं याहून चांगलं जेवण नाही. केक चांगला असतो, पण दुसऱ्या तुकड्यानंतर कंटाळा येतो.

औक्षणही कोपीशीच. निरांजन गाडीत लावायचं नाही, पडदे आणि गॅसची टाकी शेजारीशेजारी आहेत. आजी तुला पाटावर पूर्वेकडं तोंड करून बसवील, कुंकू-अक्षता लावील, मग हातातली अंगठी आणि सुपारी तुझ्या तोंडाभोवती फिरवील. हलू नकोस, ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. फुंकायचं मात्र काही नाही, ज्योत तशीच तेवत राहू द्यायची.

आईची २९ तारीख येईपर्यंत आपण फिरत फिरत वेरूळला असू. वाटेत नळदुर्ग, तुळजापूर. पुढं महामार्गावर सरमकुंडी फाट्याला थांबून कुंथलगिरीचे पेढे घ्यायचे. खव्याचे आहेत, गाडीतल्या फ्रिजमध्ये नीट राहतील. २९ ला त्यांचा डोंगर रचून वर मेणबत्ती लाव आणि खुशाल फूक, आईचं काही म्हणणं नाही. रात्री संभाजीनगरात नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा. तिखट लागला तर पेढा आहेच.

तुझ्यावर दोन कामं. आजीला विचार, मडकं गाडीतून न्यायचं झालं तर कशात घट्ट बसवायचं. सिंकमध्ये मावेल असं मला वाटतं. आणि काकाला सांग, शेताच्या वाटेवरची विजेची तार किती उंच आहे ते बघून ठेव. गाडी तीन मीटरच्या आसपास आहे. तिथली वाट अजून ओली असेल तर काळ्या रानात उतरायचंच नाही, रस्त्यावरच लावू आणि भज्जीचं पातेलं आपणच उचलून नेऊ.

तुझा,
बाबा