वडिलांच्या नावाने संशोधन पुरस्कार: निकष ठरवताना

ताई, तुमचे वडील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते, म्हणून त्यांच्या नावाने नाशिक जिल्ह्यातल्या जीवशास्त्र किंवा वैद्यकातल्या संशोधकाला दरवर्षी 50,000 रुपये द्यायचे, ही कल्पना फार आवडली. पण तुम्ही इथे टाकलेले निकष (किमान 20 पेपर, इम्पॅक्ट फॅक्टर, वय 40 च्या आत, इच्छुकांनी स्वतः अर्ज करावा) तसेच ठेवलेत, तर पुरस्कार दरवर्षी अर्ज नीट भरणाऱ्याला जाईल. अशा निवड समित्यांवर बरीच वर्षं बसलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पेपरांची संख्या पहिली काढा. पैसे भरले की छापणारी जर्नल्स ढिगाने आहेत. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधल्या पेपरांचा इतर संशोधक किती वेळा संदर्भ देतात तो आकडा, ही तर अख्ख्या जर्नलची सरासरी. त्या एका पेपरात दम आहे की नाही, हे त्यातून कळत नाही. संशोधकाचं मोल जर्नलच्या आकड्यावरून ठरवू नका, असं सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात जगभरच्या संस्थांनीच म्हटलंय. त्याऐवजी दोनच उत्तम पेपर मागवा आणि सोबत साध्या मराठीत एक परिच्छेद: आधी काय माहीत नव्हतं आणि या कामामुळे काय कळलं? तो परिच्छेद लिहिता येत नसेल, तर बायोडेटा कितीही जाड असो, बाजूला ठेवा.

कलकत्त्याच्या शंभूनाथ डे यांचंच बघा. सशाच्या आतड्याचा बांधून बंद केलेला तुकडा घेऊन त्यांनी त्यात कॉलऱ्याच्या जंतूंच्या कल्चरमधला, जंतू गाळून काढलेला द्रव सोडला. जंतू नसतानाही आतडं पाण्याने भरलं. म्हणजे जंतू बाहेर सोडतात ते विष खरा गुन्हेगार. 1959 साली ‘नेचर’ या नामवंत विज्ञान नियतकालिकात हे छापून आलं. तरी त्यांच्या हयातीत एकाही भारतीय विज्ञान अकादमीने त्यांना फेलो केलं नाही. 1978 साली कॉलऱ्यावरच्या नोबेल परिसंवादाला मात्र त्यांना मानाने बोलावलं होतं.

आपल्याकडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर घ्या. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचूदंशाचे रुग्ण डोळ्यांदेखत जात होते. लाल विंचवाच्या विषाने हृदयावर काय होतं ते त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून टिपलं, रक्तदाबाचं प्राझोसिन हे औषध वापरून पाहिलं आणि ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे 40 टक्क्यांवरून 1 टक्क्याच्या आसपास आलं. पद्मश्री मिळाली 2022 साली! नामांकित संस्थेचं नाव बघून निवड करणाऱ्यांच्या हाती असा माणूस लागत नाही.

म्हणून अर्ज मागवू नका, दुसऱ्यांकडून नावं मागवा. नोबेललाही स्वतःचं नाव सुचवता येत नाही. आरोग्य विद्यापीठ आपल्या म्हसरूळलाच आहे, तिथल्या विभागांना लिहाच. पण सुरगाणा-पेठच्या ग्रामीण रुग्णालयांनाही लिहा. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या किंवा सर्पदंशाच्या नोंदी वर्षानुवर्षं नेटाने ठेवणारा एखादा वैद्यकीय अधिकारी स्वतःहून अर्ज करायचा नाही. द्राक्षबागायतदारांच्या संस्थांनाही विसरू नका. डाऊनी-भुरी या द्राक्षावरच्या रोगांवर बागेत बसून काम करणारेही जीवशास्त्रज्ञच, आणि सोनाका हे द्राक्षाचं वाण तर थॉम्पसन सीडलेस या वाणातून सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या नजरेने निवडलं गेलंय. तुमच्या वडिलांना हे पटलं असतं, असं आपलं मला वाटतं.

वयाची अट ठेवायचीच तर पीएचडी किंवा एमडीनंतरची वर्षं मोजा आणि बाळंतपण, आजारपण यांत गेलेला काळ वजा करा.

काम चमूचं असेल तर मानपत्रात सगळ्यांची नावं घाला, तंत्रज्ञ आणि नर्ससुद्धा. इन्सुलिनचं 1923 चं नोबेल बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना मिळालं. बँटिंगनी आपले पैसे बेस्ट या सहकाऱ्याबरोबर वाटून घेतले, मॅक्लिऑडनी कॉलिप या सहकाऱ्याबरोबर. तेव्हापासूनचा हा वाद आहे. तुमच्यावर तर नोबेलसारखं तीनच नावांचं बंधन नाही.

नाव नक्की करण्याआधी रिट्रॅक्शन वॉच (मागे घेतलेल्या पेपरांची नोंद) आणि पबपीअर (छापलेल्या पेपरांवरचे आक्षेप) या दोन साइट्सवर शोधा. रुग्णांवरचं काम असेल तर एथिक्स कमिटीची मंजुरी बघा, औषधाची चाचणी असेल तर सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीतली नोंदणीही. एवढं करायला अर्धा तास पुरतो आणि पुढची नाचक्की टळते. कुणी लायक सापडलं नाही तर त्या वर्षी देऊच नका. 1921 आणि 1925 साली वैद्यकाचं नोबेलही कुणाला दिलं नव्हतं.

समारंभाचं थोडक्यात. कालिदास कलामंदिर, फ्लेक्स, उशिरा येणारे प्रमुख पाहुणे यांवर पुरस्काराच्या रकमेपेक्षा जास्त खर्च होतो. मोठ्यांचा गौरव करायला शहरात कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा गोदावरी गौरव आहेच. तुम्ही एखाद्या कॉलेजच्या हॉलमध्ये संशोधकालाच अर्धा तास बोलू द्या, शालीऐवजी रक्कम वाढवा आणि ती कशावर खर्च करायची हे त्याच्यावर सोडा.

सुधारलेला मसुदा इथेच टाका. नावं सुचवण्याच्या पत्राचा मजकूर मी बघून देईन.