पालेभाजीतसुद्धा डुक्कर असतं का?

प्रश्न : ताई, मुलगा अटलांटाला असतो, आम्ही दोघं पुढच्या महिन्यात तिकडे चाललोय. तो म्हणतो तुम्हाला बार्बेक्यू (लाकडाच्या धुरावर शिजवलेलं मांस) आणि सोल फूडच्या (तिकडच्या कृष्णवर्णीयांचं पारंपरिक घरगुती जेवण) एका साध्याशा हॉटेलात नेतो. मी चिकन-मासे खातो, गाय-डुक्कर नाही, आणि बायको पक्की शाकाहारी, अंडं तेवढं चालतं. तिनं तिथं काय खायचं? आणि चिकन आतून गुलाबी निघालं तरी घाबरू नका म्हणतो, हे खरं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : काका, बिनधास्त जा आणि भूक ठेवून जा. फक्त काकूंसाठी काहीही मागवताना आधी विचारा, कारण तिथं डुक्कर भाजीतही असतं. कोलार्ड ग्रीन्स म्हणजे कोबीच्या कुळातली जाड पानांची पालेभाजी, ती तासन्‌तास शिजवतात आणि चवीला त्यात डुकराच्या पायाचा धुरी दिलेला तुकडा टाकतात, आताशा बऱ्याच ठिकाणी त्याऐवजी स्मोक्ड टर्की असते, ती तुम्हाला चालेल पण काकूंना नाही. चवळी आणि बेक्ड बीन्सचंही तसंच.

याच्यामागे मोठा इतिहास आहे हो. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकन माणसांना शिधा म्हणून मुख्यतः मक्याचं पीठ आणि खारवलेलं डुकराचं मांस मिळायचं, चवळी आणि भेंडीही आफ्रिकेतूनच तिकडे पोचली, आणि एवढ्यातून त्या बायकांनी जे रांधलं ते आज सगळी अमेरिका आवडीनं खाते. म्हणून मला वाटतं नुसत्या रिब्ज (बरगड्या) आणि ब्रिस्केटसाठी (गाईच्या छातीचं मांस) तिथं जाणं म्हणजे अर्धंच जेवण, खरी चव साइड डिशेसमध्ये आहे. ग्रीन्सचं जे पाणी उरतं ना, त्यात कॉर्नब्रेड म्हणजे मक्याच्या पिठाचा पाव बुडवून बघा, आपण आमटीत भाकरी कुस्करतो तसं.

काकूंसाठी मॅक अँड चीज (चीजमधली मॅकरोनी), कोलस्लॉ (कच्च्या कोबीचं सॅलड), बटाट्याचं सॅलड. कॅन्डीड यॅम्स म्हणजे लोणी-साखरेतलं रताळं, त्यावर मार्शमेलो नको म्हणा, त्यात जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं जिलेटिन असतं. तळलेली भेंडी छान कुरकुरीत लागते पण ती चिकन-माशाच्याच तेलात तळलेली असू शकते, आणि कॉर्नब्रेडमध्ये कधी बेकनची, म्हणजे डुकराची चरबी, तेव्हा दोन्हीचं विचारून घ्या.

गुलाबीचं म्हणाल तर मुलगा बरोबर सांगतोय. लाकडाच्या धुरातले वायू मांसातल्या मायोग्लोबिन नावाच्या लाल रंगाच्या प्रथिनाला चिकटतात आणि कडेनं, कातडीखाली गुलाबी रंग धरतो, पूर्ण शिजलं तरी तो जात नाही. चिकन आतून ७४ अंश सेल्सिअसला पोचलं की झालं, रंगावरून ठरवू नका, शंका आली तर वाढणाऱ्याला सरळ विचारा.

आणि काका, अटलांटात आहात तर पास्कल्स नावाच्या हॉटेलात जाच. दोन भावांनी १९४७ साली सुरू केलेलं, जागा नंतर बदलली, पण फ्राइड चिकनसाठी आजही प्रसिद्ध, मार्टिन ल्यूथर किंग आणि त्यांचे सहकारी नागरी हक्कांच्या चळवळीत तिथं बसून बैठका घ्यायचे. तळण कशात केलंय तेवढं विचारा, जुन्या पद्धतीत डुकराची चरबी वापरायचे.

टेबलावर येऊन वाढत असतील तर १५ ते २० टक्के टिप धरा. चहा मागवलात तर बर्फ घातलेला गोड स्वीट टी येईल, साखर भरपूर असते, शुगर असेल तर अनस्वीट मागा.