‘किन-द्झा-द्झा!’ डोक्यावरून जातोय, कसा पाहावा?

तुम्ही म्हणताय की १९८६चा हा सोव्हिएत सिनेमा अर्ध्या तासात बंद केलात, कारण कोण काय बोलतंय तेच कळेना. तुमचं काही चुकलेलं नाही. त्या अर्ध्या तासात प्रेक्षकालाही वोवाकाका आणि गेदेवान या दोन नायकांइतकंच कळावं, अशी दिग्दर्शक गेओर्गी दानेलियाची योजनाच आहे. मॉस्कोच्या रस्त्यावरून हे दोघं थेट प्ल्यूक ग्रहाच्या वाळवंटात येऊन पडतात आणि समोरची माणसं नुसतं ‘कू’ म्हणतात.

आधी सबटायटल तपासा. पेपेलात्स, म्हणजे ते गंजलेलं यान, पहिल्यांदा उतरतं तो प्रसंग लावा. तिथे ‘कू’चं भाषांतर कधी ‘नमस्कार’, कधी ‘चला’ असं केलेलं असेल तर ती फाइल टाकून द्या. ‘कू’ तसाच राहायला हवा, कारण या भाषेतले जवळजवळ सगळे शब्द म्हणजे ‘कू’च. ‘क्यू’ ही तेवढी चारचौघांत चालणारी शिवी. इंग्रजी डबिंग घेऊ नका. यानातल्या दोन परग्रहवासीयांची कामं करणारे येव्गेनी लिओनोव आणि यूरी याकोवलेव यांच्या आवाजातला लाचारीतून गुर्मीत होणारा बदल त्यात हरवतो.

गेलेलं यान परत येतं ते वोवाकाका सिगारेट पेटवायला काडी ओढतात म्हणून. ती काडी म्हणजे ‘केत्से’, इथली सर्वांत मोठी दौलत. इथून पुढे काडेपेटी कोणाच्या हातात आहे एवढं बघत राहिलात तरी कथा सुटत नाही.

मग येतो तो दिव्याचा प्रसंग, माझ्या मते अख्ख्या सिनेमाचा कणा. एक छोटं यंत्र माणसाकडे धरायचं. नारिंगी दिवा लागला तर चातलानिन, हिरवा लागला तर पात्साक. प्ल्यूकवर सत्ता चातलानिनांची, म्हणून पात्साकाने नाकात घंटी घालायची. दोघं विचारतात, हा राष्ट्रीयत्वाचा फरक आहे का? नाही. शरीराचा? नाही. वेगळ्या ग्रहावरचे? तेही नाही. मग फरक काय? उत्तर मिळतं: रंगांधळा आहेस का, हिरवा-नारिंगी ओळखता येत नाही? मराठी वाचकाला हा प्रसंग वेगळा समजावून सांगायची गरज नाही. पुढे खानूद ग्रहावर पात्साकांची सत्ता आहे, तिथे तीच घंटी चातलानिनाच्या नाकात जाते. ती अदलाबदल चुकवू नका.

विजारीच्या रंगाकडेही लक्ष ठेवा. थोड्या केत्से असल्या की पिवळी विजार, समोरच्या पात्साकाने दोनदा उकिडवं बसायचं. भरपूर असल्या की किरमिजी, मग शिपाई, म्हणजे एत्सिलोप, रात्री मारूही शकत नाही.

यंत्रांमागचं विज्ञान शोधू नका. पाण्यापासून लुत्स हे इंधन करतात, आणि प्यायचं पाणी पुन्हा त्या लुत्सपासूनच काढतात. अर्थव्यवस्था कळायला एवढं पुरे.

सिनेमा सव्वादोन तासांचा, दोन भागांत आहे. एका बैठकीत संपवायचा अट्टहास नको, पहिल्या भागानंतर थांबा. मध्ये पडद्यावर छोटा शब्दकोश येतो, तो पुढे ढकलू नका. मोसफिल्म या रशियन स्टुडिओच्या यूट्यूब चॅनेलवर सिनेमा आहे. २०१३ची अ‍ॅनिमेशन आवृत्तीही दानेलियाचीच, पण ती नंतर बघा. तुर्कमेनिस्तानातल्या काराकुम वाळवंटाच्या खऱ्या वाळूत उभं केलेलं ते गंजकं लोखंड त्यात नाही.