फेकून दिलेल्या बाटल्यांबद्दल आधी बोलू

पत्र : माझी मुलगी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय वनस्पतिशास्त्र. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा दोनदा दिली, जमलं नाही. आता म्हणते, एम.एस्सी. करून वनस्पतींच्या वर्गीकरणात काम करणार. कॉलेजच्या प्रकल्पासाठी चिकणा नावाच्या तणाच्या चार जाती गोळा केल्या आहेत. रात्र रात्र परागकणांचे फोटो बघत त्यांच्यावरचे काटे मोजत बसते. त्या जातींच्या कळ्यांच्या बाटल्या फ्रिजमध्ये होत्या, त्या मी मागच्या आठवड्यात फेकून दिल्या. हल्ली डीएनए तपासला की झाडाची जात लगेच कळते, मग हे जुनं शास्त्र शिकून काय मिळणार? बी.एड.च्या सीईटीचा तिचा अर्ज मी भरून टाकला आहे. ती माझ्याशी बोलत नाही. मी पतसंस्थेत रोखपाल आहे, मला हिशोब कळतो. कृपया तिला समजवा.

नमस्कार,

तुमच्या पत्रातल्या बाकी सगळ्या गोष्टींवर माझ्याकडे उत्तर आहे. ‘फेकून दिल्या’ या दोन शब्दांपाशी मात्र मी थांबले, आणि तिथूनच सुरुवात करते.

त्या बाटल्यांत काय होतं ते तुम्ही विचारलं होतं का? चिकण्याच्या जाती एकमेकींसारख्या दिसतात. पिवळी, नखाएवढी फुलं, कातरलेल्या कडांची पानं. त्या परागकणांवरून वेगळ्या ओळखायच्या तर उमलायच्या बेतात असलेली कळीच लागते, कारण उमललेल्या फुलावर कीटक दुसऱ्याच झाडांचे पराग आणून टाकतात. पावसाळा सरला की रस्त्याच्या कडेला, पडीक रानात फिरून अशा कळ्या शोधायच्या, त्याच दिवशी द्रावणात घालायच्या, कुठून आणि कधी आणल्या ते लिहून ठेवायचं. आता ती झुडपं बहुतेक वाळली असतील. पुन्हा कळ्या हव्यात तर पुढच्या पावसाळ्याची वाट पाहावी लागेल, आणि तोवर तिचं तिसरं वर्ष संपलेलं असेल. तुम्ही मोजून, शिक्के मारून कपाटात ठेवलेल्या पावत्या कुणी रद्दीत घातल्या तर तुम्हाला काय वाटेल? मुलगी बोलत नाही याचं तुम्हाला नवल वाटतं. मला वाटत नाही.

एक गोष्ट तुमच्या बाजूने. त्या द्रावणात फॉर्मॅलिन हे विषारी रसायन असेल तर बाटल्या घरच्या फ्रिजमध्ये, अन्नाशेजारी ठेवणं चूकच होतं. ते तिला सांगायला हवं होतं आणि बाटल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत पाठवायला हव्या होत्या.

आता डीएनएबद्दल. हा गैरसमज मला प्राध्यापकांच्या तोंडूनही ऐकायला मिळतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. डीएनएची जुळणी कशाशी करतात? आधी कुणीतरी नीट ओळखून जपलेल्या नमुन्याशी. तो नमुना चुकीच्या नावाने नोंदला असेल तर यंत्र तेच चुकीचं नाव तुम्हाला परत देतं. जवळच्या जातींमध्ये नेहमीच्या तपासणीतले डीएनएचे तुकडे कधी कधी सारखेच निघतात. वाळवून, उकळून, दळून आलेल्या मुळीत तर डीएनए पुष्कळदा तुटलेला असतो. पण पेशींचे आकार, पाणी वाहून नेणाऱ्या काष्ठवाहिन्या, स्फटिक, स्टार्चचे कण सूक्ष्मदर्शकाखाली भुकटीतही दिसतात. कमळाचं उदाहरण घ्या. कमळ आणि वॉटर लिली दोन्ही पाण्यात वाढतात, पानं गोल, फुलं देखणी, म्हणून दोघांना कित्येक वर्षं एकाच कुलात ठेवलं होतं. पण कमळाच्या परागकणावर तीन खाचा असतात, वॉटर लिलीच्या परागकणाची रचना तशी नाही. ही खूण सूक्ष्मदर्शकाखाली आधीपासून दिसत होती. डीएनएचा पुरावा पुढे आला आणि कमळाचे जवळचे नातेवाईक निघाले काश्मीरचा चिनार आणि आपल्याकडे बागेत लावतात तो सिल्व्हर ओक. म्हणजे परागकणांनी सांगितलेलंच डीएनएने पक्कं केलं. उलटही घडतं. गवतांचे परागकण इतके सारखे, गोल आणि एका छिद्राचे असतात की नुसत्या त्यांच्यावरून जात सांगणं फार अवघड. तिथे पानाचा आडवा छेद, म्हणजे पातळ काप, घ्यावा लागतो. तुम्ही खोटी नोट एका खुणेवरून ओळखता का? धागा, जलचिन्ह, कागदाचा स्पर्श, सगळं बघता. तुमची मुलगी तेच करते.

तिचा चिकणा तर थेट बाजारातलाच आहे. आयुर्वेदातली ‘बला’ म्हणजे चिकण्याचीच एक जात. बाजारात बला म्हणून तिच्या भावंडजातींची मुळं सर्रास येतात. मुळाला ना फूल ना पान, तेव्हा ते ओळखायचं छेद घेऊन. आयुर्वेदिक औषधांच्या सरकारी मानक ग्रंथात प्रत्येक वनस्पतीची सूक्ष्मदर्शकाखालची लक्षणं दिलेली असतात, ती याचसाठी. औषधकंपन्यांच्या गुणवत्ता-प्रयोगशाळा, मधातले पराग तपासून तो कोणत्या फुलांचा ते सांगणारे, लाकडाच्या छेदावरून चोरटं रक्तचंदन ओळखणारे, हवेतल्या परागांची नोंद ठेवणारे, या सगळ्यांना हेच कौशल्य लागतं.

तरीही हे सोनं आहे असं मी म्हणणार नाही. कायम नोकरीच्या जागा थोड्या आहेत, प्राध्यापकभरती वर्षानुवर्षं रखडते, आणि पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं जातात. नुसतं ‘मला झाडं आवडतात’ म्हणून एम.एस्सी. केलेली मुलं मी निराश झालेली पाहिली आहेत. नेट, सेट, गेट या परीक्षा तिच्या शिक्षकांना पाठ असतील, त्यात मी जात नाही. पण बी.एड. म्हणजे हमखास पगार, हा तुमचा हिशोबही कच्चा आहे. त्यापुढे टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा आहे, टेट ही अभियोग्यता चाचणी आहे, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलची वाट पाहणं आहे. शिकवण्याची ओढ नसलेली मुलगी तिथे पाठवून तुम्ही जोखीम कमी करत नाही, तिची जोखीम बदलून देता, तीही तिला न विचारता.

पत्त्यावरून तुम्ही सांगलीकडचे दिसता, म्हणून जवळचं सांगते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग कंदीलपुष्पांवरच्या कामासाठी देशभर ओळखला जातो. पुण्यात आघारकर संशोधन संस्था आहे, आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाचं हर्बेरियमही, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रहही, तिथेच आहे. परागकणांतच रमायचं असेल तर लखनौची बिरबल साहनी संस्था. एक दिवस रजा काढा आणि मुलीला घेऊन कोल्हापूरला जा. तिथल्या एम.एस्सी.च्या मुलांना विचारा, त्यांच्या मागच्या तुकडीतले आज कुठे आहेत. तुम्ही हिशोबी माणूस आहात, त्यांचे आकडे स्वतः लिहून घ्या. त्या आधी बी.एड.च्या अर्जाचा पासवर्ड तिच्या हातात द्या. परीक्षा द्यायची की नाही ते तिला ठरवू द्या. आणि बाटल्यांबद्दल माफी मागा, स्पष्ट शब्दांत.

तिला समजवा, असं तुम्ही लिहिलं आहे. शेवटच्या चार ओळी तिलाच लिहिते, तिला वाचायला द्या.

बेटा, गोळा करताना फांद्या दाबून, वाळवून हर्बेरियम शीट केली असशील तर प्रकल्प बुडालेला नाही. परागकणाचं बाहेरचं कवच फार चिवट असतं, वाळलेल्या कळीतूनही ते नीट मिळतं. शीटवरच्या एक-दोन कळ्या सरांना विचारून काढ, अ‍ॅसिटोलिसिस, म्हणजे आम्लाने परागकण साफ करणं, कॉलेजच्या वाफा ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडखालीच कर, त्यातलं आम्ल आणि अ‍ॅनहायड्राइड घरी आणू नकोस. वाळलेलं पान पाण्यात उकळून मऊ केलंस की त्याची साल निघेल, चांदणीच्या आकाराचे केस आणि पर्णरंध्रं मोजता येतील. फोटोंतले काटे डोळ्यांनी मोजतेस ते ठीक आहे, पण थोडी संख्याशास्त्राची तयारी कर, नाहीतर दोन जातींतला फरक खरा की योगायोगाचा ते तुला सांगता येणार नाही. आणि या वेळी प्रत्येक स्लाइडवर जातीच्या नावासोबत शीटचा क्रमांकही लिही. नाव उद्या बदलेल, क्रमांकावरून झाड परत सापडतं.