वाचकांचे प्रश्न : व्हिडिओ गेममधील राजकारण आणि प्रतिनिधित्व

प्रश्न : मी लहानपणापासून व्हिडिओ गेम खेळतो. पूर्वी हे खेळ निव्वळ करमणुकीसाठी असत. आता मात्र प्रत्येक मोठ्या गेममध्ये वंश, लिंग, अस्मिता असे विषय मुद्दाम घुसडलेले दिसतात. खेळ राजकारणापासून अलिप्त राहू शकत नाहीत का?

उत्तर : दिवसभराच्या कामानंतर खेळायला बसलेल्या माणसाला उपदेश नको असतो, ही आपली भावना रास्त आहे. पण पूर्वीचे खेळ अलिप्त होते, हे मान्य करता येत नाही. अटारी कंपनीचा १९८० सालचा ‘मिसाइल कमांड’ पाहा. तीन तळांवरून क्षेपणास्त्रे डागून सहा शहरे वाचवायची असतात. परंतु हा खेळ जिंकण्याची सोयच त्यात ठेवलेली नाही. हल्ल्यांचा वेग वाढत जातो, एकेक शहर बेचिराख होते आणि शेवटी पडद्यावर ‘द एंड’ एवढीच अक्षरे उमटतात. त्यात एकाही पात्राला नाव नाही की चेहरा नाही. तरीही अणुयुद्धात कोणाचाच विजय होत नसतो, हे शीतयुद्धाच्या काळात त्या खेळाने इतके थेट सांगितले की त्याला राजकीय भूमिका म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.

राजकारण पात्रांच्या रंगरूपापेक्षा खेळाच्या नियमांत अधिक मुरलेले असते, असे माझे मत आहे. विल राइट यांचा शहर वसवण्याचा खेळ ‘सिमसिटी’ १९८९ साली आला. जे फॉरेस्टर या अभियंत्याने शहरांच्या वाढ-ऱ्हासाचे जे संगणकीय प्रतिमान मांडले होते, त्याचा राइट यांच्यावर प्रभाव होता. या गेममध्ये घरांसाठी, व्यापारासाठी आणि कारखान्यांसाठी जमीन वेगवेगळी आखावी लागते. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी मिश्र वस्ती आखताच येत नाही. शहर कसे असावे याविषयीचे एक विशिष्ट मत येथे नियम होऊन बसले आहे, आणि ते नियमाच्या रूपात आल्यामुळेच खेळणाऱ्याला ते मत आहे असे जाणवत नाही. ज्या विचारांची आपल्याला सवय झालेली असते ते आपल्याला तटस्थ वाटतात आणि नवे विचार तेवढे राजकीय वाटतात. आपल्याला ‘पूर्वी’ आणि ‘आता’ यांत जो फरक दिसतो, त्याचा बराचसा भाग यातून आलेला आहे.

युद्धाच्या खेळांत हे अधिक गंभीर होते. १९९१ च्या आखाती युद्धात कुवेतहून इराककडे माघार घेणाऱ्या वाहनांच्या ताफ्यावर अमेरिका आणि तिच्या मित्रराष्ट्रांच्या विमानांनी बाँबवर्षाव केला. तो रस्ता पुढे ‘हायवे ऑफ डेथ’ म्हणून ओळखला गेला. ‘कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर’च्या २०१९ च्या आवृत्तीत एका काल्पनिक देशात याच नावाचा महामार्ग आहे आणि तेथील बाँबहल्ल्याचा दोष रशियनांच्या माथी मारलेला आहे. राजकारण नको म्हणणाऱ्यांनी अशा जागीही तितक्याच जोराने हरकत घ्यायला हवी.

प्रश्न : स्त्रिया आणि अल्पसंख्य समाजांतील पात्रे गेममध्ये वाढली, म्हणजे प्रतिनिधित्व मिळाले असे मानावे का?

उत्तर : नाही, नुसती डोकी मोजून भागत नाही. १९८६ च्या ‘मेट्रॉइड’मध्ये चिलखतातील योद्धा स्त्री आहे हे शेवटी उघड होते, याचे कौतुक नेहमी होते आणि ते योग्यही आहे, मात्र खेळ जितक्या लवकर संपवावा तितके तिच्या अंगावरचे कपडे कमी दिसत, हे सहसा सांगितले जात नाही. नायिका होती, पण तिचे शरीर खेळाडूला मिळणारे बक्षीस होते.

दुसरे उदाहरण मला याहून विचार करायला लावणारे वाटते. २०१८ साली ‘सिव्हिलायझेशन ६’ या साम्राज्य उभारण्याच्या गेमच्या पुरवणी आवृत्तीत कॅनडातील क्री या आदिवासी समाजाचे एकोणिसाव्या शतकातील प्रमुख पाउंडमेकर यांचा समावेश झाला. १८८५ मध्ये कट नाइफ येथील लढाईनंतर माघार घेणाऱ्या कॅनडाच्या सैन्याचा पाठलाग करण्यापासून ज्यांनी आपल्या योद्ध्यांना रोखले, तेच हे पाउंडमेकर. त्यांना पुढे देशद्रोहाच्या खटल्यात शिक्षा झाली आणि २०१९ मध्ये कॅनडा सरकारने त्यांना दोषमुक्त केले. गेममध्ये त्यांना शांतताप्रिय, करारमदार करणारे असेच दाखवले आहे. तरीही या मालिकेचा गाभा राज्यविस्ताराचा असल्याने, क्री शहराजवळच्या बिनमालकीच्या जमिनीवरून त्यांचा व्यापारी गेला की ती जमीन क्री राज्यात जमा होते. भूमी काबीज करण्याची वसाहतवादी मूल्ये आमच्या पूर्वजांच्या माथी मारली जात आहेत, अशी हरकत पाउंडमेकर यांच्याच समाजातील एका मुखियाने तेव्हा घेतली. चेहरा सन्मानाने रेखाटला होता. नियम मात्र त्यांचे नव्हते.

उलट, त्याआधी २०१४ मध्ये आलेला ‘नेव्हर अलोन’ हा गेम अलास्कातील इनुपियाक या आदिवासी लोकांच्या सहभागातून घडला. कथन त्यांच्याच भाषेत आहे आणि खेळता खेळता समाजातील माणसांच्या मुलाखतींच्या चित्रफिती खुल्या होत जातात. काय दाखवायचे हे ठरवताना त्या समाजाची माणसे टेबलाशी बसलेली होती की नव्हती, हे मी सर्वांत आधी पाहते.

प्रश्न : एखादा असा गेम मला आवडला नाही आणि मी तसे बोललो, तर मला लगेच प्रतिगामी ठरवले जाते. मग टीका करायचीच नाही का?

उत्तर : जरूर करावी, पण ती समोरच्या कृतीवर असावी. २०२५ च्या ‘असॅसिन्स क्रीड शॅडोज’वरून झालेला वाद पाहा. त्याचा एक नायक यासुके आहे. सोळाव्या शतकातील जपानी सरदार ओदा नोबुनागाच्या पदरी यासुके हा आफ्रिकी माणूस होता, हे ऐतिहासिक सत्य आहे. त्याला सामुराई, म्हणजे जपानी योद्धा, म्हणावे की नाही यावर चर्चा होऊ शकते, पण तो नायक आहे एवढ्यावरूनच इतिहासाचा विपर्यास झाला असे म्हणणे टिकत नाही. याच गेमच्या संकल्पनाचित्रात, म्हणजे गेमची कल्पना मांडणाऱ्या चित्रात, मात्र जपानमधील एका हौशी ऐतिहासिक मंडळाचा ध्वज परवानगीवाचून वापरला गेला होता. ती तक्रार नेमकी होती आणि कंपनीला माफी मागावी लागली.

संवाद कृत्रिम असतील, पात्राला स्वभावच नसेल, लढतीत दम नसेल, तर तसे नि:संकोच लिहावे. २०१४ च्या ‘गेमरगेट’ या ऑनलाइन छळाच्या प्रकरणात काही स्त्री गेम-निर्मात्या आणि समीक्षक यांना बलात्काराच्या व खुनाच्या धमक्या आल्या, त्यांतील काहींना घर सोडावे लागले. तेव्हापासून प्रामाणिक नापसंतीकडेही संशयाने पाहिले जाते, याचे मला वाईट वाटते. त्यामुळे आपण लिहाल तेव्हा गेम कुठवर खेळलात आणि कोणता प्रसंग खटकला, हे आधी सांगा. ट्रेलर पाहून दिलेल्या निकालाला मी तरी उत्तर देत नाही.